तान्ह्या पोळ्यातला सुपरहिरो

माझी भाची पहिलीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात कावळा झाली. दुसरीत रात्र झाली. म्हणजे चांदण्या बाकीच्या मुली झाल्या, चंद्र एक गोरागोमटा मुलगा झाला, आणि त्यांच्या मागे काळं कापड पांघरून उभं राहायला कोणीतरी हवं होतं, ते काम हिच्याकडे आलं. तिसरीत पर्यावरणावर नाटक बसलं, त्यात ती प्रदूषण झाली. माझी बहीण दर वेळी अकोल्याहून कौतुकानं फोटो पाठवायची. प्रदूषणाचा फोटो आला तेव्हा मी मोबाइल उपडा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. त्या दिवशी कढईचा तळ निघायचाच बाकी राहिला होता.

भाची काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे शब्द लग्नाच्या बायोडाट्यात शोभतात. ती काळी आहे, माझ्यासारखी. आमच्या घरातला हा रंग माझ्यापाशी येऊन संपला असं सगळ्यांनी धरलं होतं, कारण माझ्या पाठची बहीण लख्ख गोरी निघाली. तिला अकोल्याचं स्थळही झटक्यात आलं. जावई हसतमुख, सरकारी नोकरीतले आणि रंगानं लोखंडी तव्याला लाजवणारे. मग पोरगी काय केशराची होणार होती? पण बारशालाच कोणीतरी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करून म्हणालं, "मावशीवर गेली वाटते." मावशी तिथंच पाळण्याची दोरी धरून उभी होती, याचं कोणाला काही वाटलं नाही. बहिणीनं मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून बेसन, साय, हळद, मसुरीची डाळ, सगळं त्या लेकराच्या तोंडाला. पोरगी काही उजळली नाही, त्या घरातली कढी मात्र पातळ झाली.

मी अमरावतीत राजापेठेत राहते आणि वरच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेते. लग्न केलं नाही. त्याची कारणं गल्लीनं आपापल्या सोयीनं ठरवलेली आहेत, मी त्यात ढवळाढवळ करत नाही.

भाची चौथीत गेली त्या वर्षी पोळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल खरे, लेकरांचे लाकडाचे, चाकांवरचे. त्या नंदीला सजवायचं, आपणही काहीतरी वेश करायचा, कॉलनीच्या मैदानात तोरणाखाली ओळीनं उभं राहायचं आणि एकेकानं झडती म्हणायची. झडती म्हणजे यमक जुळवून ठणकावून मारलेला टोमणा. शेवटी 'हर हर महादेव' असतं, त्यामुळे ज्याला टोमणा बसतो त्यालाही हात जोडावे लागतात. आमच्या पूर्वजांनी अक्कल लढवून केलेली सोय आहे ही.

"तू काय होणार?" मी विचारलं.

ती नंदीच्या शिंगांना बेगड चिकटवत होती. वर न बघता म्हणाली, "मले सुपरहिरो व्हायचं होतं. पण होता येत नाही."

"काहून?"

"खालचे पोट्टे म्हणे, सुपरहिरो पोरगा असते. अन् गोरा असते. काळा असते थो व्हिलन."

तिनं हे भूगोलातलं उत्तर सांगावं तसं सांगितलं. रागानं नाही, रडूनही नाही. मला मात्र राग आला. खालच्या पोट्ट्यांचा आला, टीव्हीचा आला, आणि त्या रात्र-कावळा-प्रदूषण बसवणाऱ्या बाईंचा तर इतका आला की त्या समोर असत्या तर मी त्यांना स्पेलिंगं विचारली असती.

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर बसलो. मी म्हटलं, चल, एकेक सुपरहिरो घे, आपण त्याची बदली करू. सरकारी नोकराची होते तशी. परदेशातून थेट वऱ्हाडात. पोरगा असला तरी चालेल, पोरगी असली तरी चालेल, रंग इथल्या उन्हात राहून जो होईल तो.

"उडणारा," ती म्हणाली.

"उडणारी नर्सबाई. नांदगाव खंडेश्वरच्या पुढं एक गाव, तिथं संध्याकाळची बस येत नाही. बाई पदर खोचते, इंजेक्शनची पेटी घेते आणि उडते. कंडक्टर खालून ओरडतो, बाई, पास आहे का?"

ती फिसकन हसली. "अन् लय ताकदवाला?"

"ताकदवाली. जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलते. बुक्कीत ट्रक उलटवते, पण उलटवत नाही, कारण मग भरायला तिलाच लावतील."

"ज्याले आरपार दिसते थो?"

"तो कशाला आणायचा बाहेरून? समोरच्या काकू काय करतात? आपण पिशवी घेऊन जिना चढतो तेव्हा आत वांगी आहेत का अंडी, त्यांना पिशवी न उघडता कळतं."

ती आता गुडघ्यांवर उठून बसली होती. "अदृश्य होते थो?"

"ती तर घरोघरी आहे. पाहुणे येतात, जेवतात, ढेकर देतात, भाजी छान झाली म्हणून तुझ्या बाबांची पाठ थोपटतात. भाजी केली तिनं, पण ती दिसते का कोणाला?"

"मम्मी!" ती टाळी वाजवून ओरडली. मग एकदम खाली रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, अन् ह्या?"

खाली राजापेठेची संध्याकाळ चालली होती. क्लास सुटलेल्या पोरी स्कूटीवरून जात होत्या. डोळे सोडून अख्खं तोंड ओढणीनं गुंडाळलेलं, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. कोण कोणाची, सख्ख्या बापाला ओळखू येऊ नये. खरंच, एवढे मुखवटेवाले सुपरहिरो जगात दुसरीकडे कुठं एका सिग्नलला थांबत नसतील. ऊन मावळलं होतं तरी ओढण्या सुटल्या नव्हत्या. काळं पडण्याची भीती उन्हाबरोबर मावळत नाही आमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं भाचीकडे पाहिलं आणि न विचारता परीचा फ्रॉक काढला.

"सुपरहिरोचा द्या," मी म्हटलं.

"पोरीले? परी घेऊन जा ना, म्याडम. पंख हायेत, कांडी हाय."

"पंख नकोत. तिला पंखांशिवाय उडायचं आहे."

त्यानं निरुपायानं एक निळा अंगरखा काढला. त्याच्या छातीत आणि पोटात स्पंज भरून स्नायू केलेले होते. भाचीनं तो तिथंच फ्रॉकवरून चढवला, पोटावर दोन बुक्क्या मारून पाहिल्या आणि इतकी खूश झाली की दुकानदारही हसला. पाठीवरची झूल मात्र मागच्या कोणा गिऱ्हाइकानं फाडली होती. त्यानं ती द्यायचं नाकारलं आणि तिच्याऐवजी पुढ्यात मुखवटा ठेवला. गुलाबी प्लास्टिकचा, निळ्या डोळ्यांचा, कपाळावर केसांची एक बट रंगवलेला.

"हे घ्याच. याच्याशिवाय कोणाले समजणार नाही थे कोण हाय म्हून."

मी नको म्हणणार होते. पण भाचीनं तो आधीच तोंडावर धरला होता आणि ती दुकानाच्या आरशात बघत होती. बराच वेळ बघत होती. मी मुखवटा घेतला.

झूल घरीच शिवली. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालतात तसलं लाल कापड, त्याला आरसे आणि कडेला गोंडे. तिनं ती खांद्यावर घेतली आणि गच्चीभर पळत सुटली. मग आम्ही झडती रचली. यमकं तिनं जुळवली, खोडी माझी. ती मुखवटा घालून म्हणू लागली तेव्हा घोटाळा समजला. आतून नुसतं भुंग्यासारखं गुंगुं ऐकू यायचं. श्रावण संपता संपताची उमस, प्लास्टिकच्या आत घामाच्या धारा. तिनं मुखवटा वर केला, म्हटलं, खाली केला, गुंगुं केलं, पुन्हा वर केला. झडती म्हणायची असेल तर मुखवटा घालता येत नाही, आणि झडतीशिवाय तान्ह्या पोळ्यात कोणी उभं करत नाही.

"मंग राहू दे," ती म्हणाली. मला वाटलं मुखवटा राहू दे. तिनं झूल काढायला सुरुवात केली होती.

"झूल कशाला काढतेस?"

"मावशी, तोंड तं माहंच दिसन ना."

   मी म्हटलं, "मग दिसू दे की." हे काही उत्तर नव्हतं, आणि तिनंही ते उत्तर म्हणून घेतलं नाही. पण झूल खांद्यावर राहू दिली. उद्या बघू, असा तिचा चेहरा होता.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी बहीण अकोल्याच्या बसनं आली. मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं, बायका नंदींना ओवाळत होत्या, माइकवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. भोवती चार-पाच शेतकरी, बऱ्याच पऱ्या, एक डॉक्टर आणि सैनिक तर पलटणभर. बहिणीनं लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्पंजचं पोट पाहिलं, झूल पाहिली, मग तोंडाकडे पाहिलं आणि पर्स उघडली.

"ताई, असं काय पाठवून राहिली तू तिले? फोटो निघतेत इथं."

"निघू दे."

"थोडंसं लावतो. हलकंसं. कोणाले दिसणारबी नाही." पुण्याची आमची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा इथल्या बायका 'मी लावतो, मी येतो' म्हणतात हे ऐकून हबकली होती. आम्हाला त्यात पुरुषी काही वाटत नाही.

"दिसणार नसेल तर लावतेस कशाला?"

"तुले नाही समजत. तुले लेकरू नाही."

हे तिनं मला याआधी कधी म्हटलं नव्हतं. मला लागलं, चांगलंच लागलं. पण तिनं पर्समधून गुलाबी पावडरची डबी काढली तेव्हा मला जुनं आठवलं. बाळंतपणानंतर सासरच्या बायका एकेक करून पाळण्यात डोकावल्या होत्या, तेव्हा उत्तर तिलाच द्यावं लागलं होतं. तिची माया होती ती. सायीसारखी, बेसनासारखी, रोजच्या रोज लावलेली माया. म्हणून तर तिच्याशी भांडता येत नव्हतं.

आणि भाची? आईनं डबी काढल्याबरोबर तिनं सवयीनं हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि लस टोचून घ्यायला उभं राहावं तशी गप्प उभी राहिली. अंगात दोन माणसांचे स्नायू, पाठीवर आरशांची झूल, आणि मिटलेले डोळे. मला त्या क्षणी रडू येत होतं.

बहिणीनं एका गालावर पावडर फिरवली. तेवढ्यात माइकवर भाचीचं नाव पुकारलं. पोरगी दचकली, नंदीची दोरी धरली आणि पळाली. एक गाल गुलाबी, एक गाल तिचा.

मंचावर दोन परीक्षक बसले होते. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना अख्खी कॉलनी सर म्हणते, आणि एक वकीलसाहेब, जे कोर्टात कमी आणि अशा समारंभांत जास्त बोलतात. त्यांच्या मधोमध हार घालून नगरसेवक. भाचीला पाहून लोक हसायला लागले. स्पंजच्या पोटाला हसले, गालाला हसले, कशाकशाला हसले कोण जाणे. तिनं माइक धरला आणि सुरुवात केली:

"आभाळातून पायलं तं राजापेठ दिसे,
रस्त्यातले गड्डे पाहून नंदी माहा हसे!
उडता येते म्हून बरं, चालणाऱ्याचे हाल,
नगरसेवक झोपला असन तं त्याले झूल घाल!
हर बोला, हर हर महादेव!"

मैदान असं उसळलं की तोरणाची पानं हलली. हर हर महादेव म्हणताना नगरसेवकांनी हात जोडले, दुसरं करणार काय? वकीलसाहेब टेबल बडवत होते.

सरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. त्यांना शिस्त लागते. "छान, छान. पण बाळ, तू कोण झाली आहेस ते सांगितलंच नाहीस."

भाचीनं माइक तोंडाजवळ घेतला आणि स्वतःचं नाव सांगितलं. मग बापाचं नाव, आडनाव, शाळा, इयत्ता, तुकडी आणि अकोल्यातली गल्ली. लोक पुन्हा हसले.

"अगं, तुझं नाव नाही," सर म्हणाले. "तू वेश कोणाचा केला आहेस? सुपरहिरोचा ना? मग सुपरहिरो आपलं खरं नाव कोणाला सांगत नसतात. तोंड दाखवत नसतात. मुखवटा घालतात, लपवतात."

तिनं सरांकडे पाहिलं. घाम तिच्या गालावरून ओघळत होता, गुलाबी गालावरून तर गुलाबीच ओघळत होता. तिला तो खाजत असावा. तिनं झुलीचं टोक धरलं, गाल खसाखसा पुसला आणि म्हणाली, "थे लपवत असतीन. मी काहून लपवू? म्या काय चोरी केली?"

माइक चालू होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फुगेवाल्यापर्यंत ते गेलं असणार. कोणी हसलं नाही या वेळी. वकीलसाहेब तेवढे सरांकडे वळून म्हणाले, "सर, उलटतपासणी पुरे." आणि ती नंदीची दोरी ओढत खाली आली, चाकं खडखडत. आईपाशी आली तेव्हा तिनं हनुवटी वर केली नाही. सरळ पाणी मागितलं.

बहिणीनं पाण्याची बाटली दिली. डबी तिच्या मुठीत तशीच होती.  तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही, आणि तिला विचारायची ती वेळ नव्हती.

निकाल लागला. पहिलं बक्षीस एका परीला. दुसरं एका सैनिकाला. तिसरं डॉक्टरला. भाचीला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा. सरांनी कारणही सांगितलं, त्यांना कारण सांगितल्याशिवाय निकाल लावता येत नाही. झडती उत्तम होती, आवाज उत्तम होता, पण वेशभूषा पात्राशी जुळत नव्हती. भाचीला त्याचं काहीच नव्हतं. ती डबा उघडून त्याच्या झाकणात नंदीला चारा म्हणून गवत भरत होती. मी सरांना दोन शब्द सुनवायला उठणार, तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची मागे पडली.

बहीण मंचासमोर जाऊन उभी होती. जी बहीण सासरी वर मान करून कधी मीठ मागत नाही, आणि दुकानदारानं सडका टमाटा घातला तरी पिशवीत ठेवते, ती बहीण.

"सर, काय जुळत नव्हतं?"

सर चष्मा पुसायला लागले. "तसं नाही ताई, म्हणजे एकंदर जे पात्र आहे, ते आपण ज्या रूपात पाहतो..."

"पोरीनं पोट लावलं, झूल लावली, झडती म्हटली, तुमाले उत्तर देल्लं. मंग काय जुळत नाही? तोंडानं सांगा ना! काय कमी हाय माह्या पोरीत?"

तिचा आवाज इतका चढला होता की माइक नसतानाही सगळ्यांनी ऐकला. सरांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं, वकीलसाहेबांनी नगरसेवकांकडे, आणि नगरसेवकांना त्या दिवशी आणखी काही ऐकायचं नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न कोणीतरी विचारला होता, आणि उत्तर द्यायला पुढं कोणी येत नव्हतं.

बहीण उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, जणू तिनं स्वतःचाच प्रश्न आत्ता ऐकला. ती वळली, गर्दीतून परत आली आणि लेकीशेजारी खाली मातीतच बसली. लेकीनं तिला डबा दाखवला. ती डब्याकडे बघत नव्हती. ती त्या तोंडाकडे बघत होती, नवीन कोणी भेटल्यावर माणूस नीट बघतो तशी.